पिपचा निकाल फिरवायचा आहे? एमआर, ट्रायब्युनल आणि मदत करणाऱ्या संस्था: कोणावर किती भरवसा ठेवावा

पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट, हा दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता. तो नाकारला किंवा कमी केला असं पत्र आलं की पुढे दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे पिप देणाऱ्या सरकारी खात्याला, डीडब्ल्यूपीलाच, निकाल पुन्हा तपासायला सांगणं. तिचं नाव मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन, पण सगळे नुसतं एमआर म्हणतात. दुसरी पायरी स्वतंत्र ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, अपील. २०१३ पासून पहिली पायरी ओलांडल्याशिवाय दुसरीवर जाता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या मराठी कुटुंबांना या दोन्ही ठिकाणी काय मिळतं, कुठे अडतं आणि मदत मागायची तर कोणाकडे, याचा हा आढावा. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. एमआरला पाचपैकी दीड. ट्रायब्युनलला चार. चांगला वेल्फेअर राइट्स (बेनिफिटच्या हक्कांचा) सल्लागार मिळाला तर त्याला पाचपैकी पाच, मात्र तो मिळणं हीच मोठी अडचण आहे. थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्या खाजगी एजंटाला शून्य. अलीकडच्या वर्षांत सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिप अपिलांपैकी साधारण दोन-तृतीयांश अपील करणाऱ्याच्या बाजूने लागतात. एमआरमध्ये निकाल बदलण्याचं प्रमाण त्याहून फारच कमी आहे. तरीही एमआरचा नकार आला की बरेच लोक तिथेच थांबतात. खरं तर एमआरची वाट बघण्याचे आठवडे हेच अपिलाच्या तयारीचे आठवडे असतात. नकार आल्यावर सल्लागार शोधायला निघालात तर अपिलाचा एक महिना अपॉइंटमेंट मिळवण्यातच संपतो.

एमआर: मुदत आणि मागणी

मुदत एक महिन्याची, आणि ती पत्रावर छापलेल्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. हॉस्पिटलात असणं, घरातलं कोणी जाणं, पत्र न मिळणं अशा कारणांसाठी आणखी बारा महिन्यांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण कारण लेखी द्या. उशिराचा एमआर डीडब्ल्यूपीने दाखल करून घ्यायला नकार दिला तरी, तो एकूण तेरा महिन्यांच्या आत मागितलेला असेल तर ट्रायब्युनलचा दरवाजा उघडा राहतो. २०१७ साली अप्पर ट्रायब्युनलने हे स्पष्ट केलं आहे. 'तुमची वेळ गेली' असं फोनवर ऐकून गप्प बसू नका.

मागणी फोनवर करता येते, साध्या पत्राने करता येते किंवा सीआरएमआर१ हा फॉर्म भरून करता येते. आमचा सल्ला असा की मुदत जवळ आली असेल तर आधी फोन करून तारीख पकडा आणि लगेच मागोमाग पत्र पाठवा. फोनवर 'मला निकाल मान्य नाही' एवढंच बोलून ठेवून दिलात की पुढे गोंधळ होतो. तुमचा नवा पुरावा पोचायच्या आत कोणीतरी जुन्याच कागदांवर निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून 'मी लेखी मुद्दे आणि पुरावा अमुक तारखेपर्यंत पाठवतो, तोवर निकाल देऊ नका' असं स्पष्ट सांगा. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ टिपून ठेवा.

त्याच फोनवर असेसमेंटच्या, म्हणजे पिपसाठी झालेल्या तुमच्या तपासणीच्या, अहवालाची प्रत मागा. त्याला पीए४ म्हणतात आणि ती फुकट मिळते. ही प्रत हातात नसताना एमआर लिहिणं म्हणजे प्रश्नपत्रिका न बघता उत्तरं लिहिणं.

पोस्टाने पाठवलेले कागद आधी स्कॅनिंग केंद्रात जातात आणि तिथे पानं सुटी होऊ शकतात. प्रत्येक पानावर नाव, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पान क्रमांक लिहा. मूळ कागद पाठवू नका, प्रतीच पाठवा. पोस्ट ऑफिसच्या काउंटरवर 'सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग' मागितलं की विनामूल्य देतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गुण कुठे जातात

पिप आजाराच्या नावावर मिळत नाही. रोजच्या जगण्याच्या दहा कामांना आणि हालचालीच्या दोन कामांना गुण असतात. प्रत्येक कामातला तुम्हाला लागू होणारा सर्वांत वरचा एकच निकष धरला जातो. रोजच्या जगण्यात आठ गुण झाले की साधा दर, बारा झाले की वाढीव दर. हालचालीचं गणित याच पद्धतीने स्वतंत्र होतं. २०२५-२६ सालचे आठवड्याचे दर असे: रोजच्या जगण्यासाठी ७३.९० आणि ११०.४० पौंड, हालचालीसाठी २९.२० आणि ७७.०५ पौंड. म्हणजे दोन गुण इकडेतिकडे झाले तर वर्षाला हजारो पौंडांचा फरक पडू शकतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते पिपच्या नियमावलीतल्या नियम ४ मधल्या चार शब्दांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे: सुरक्षितपणे, चांगल्या प्रकारे, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळेत. यातली एक गोष्ट जरी जमत नसेल तरी ते काम तुम्हाला 'जमत नाही' असं धरलं पाहिजे. वाजवी वेळ म्हणजे धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जितका वेळ लागतो त्याच्या दुपटीपर्यंत. पुन्हापुन्हा म्हणजे दिवसात जितक्या वेळा ते काम करणं स्वाभाविक आहे तितक्या वेळा. शिवाय निकष वर्षातल्या निम्म्याहून अधिक दिवसांना लागू व्हायला हवा. चढउतार असलेल्या आजारात हे शेवटचं वाक्य निकाल फिरवतं.

स्वयंपाकाचं काम जवळून बघू. कायद्यातला स्वयंपाक म्हणजे ताज्या साहित्यापासून एका माणसासाठी केलेलं एका पदार्थाचं साधं जेवण, शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, कमरेच्या उंचीवर किंवा त्याहून वर. पोळ्या लाटता येत नाहीत यावर गुण मिळत नाहीत, पण कांदा सोलता-चिरता येत नाही यावर मिळतात. संधिवाताने बोटं सुजलेल्या बाईंच्या अहवालात असं वाक्य सापडतं: 'डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येतो, पकड चांगली, शून्य गुण.' याचं उत्तर 'हे खोटं आहे' असं लिहून होत नाही. ते असं होतं: 'सुरी धरल्यावर दोन-तीन मिनिटांत अंगठ्याच्या सांध्यात कळ येते, सुरी निसटते, डाव्या तर्जनीला कापल्याच्या खुणा आहेत. आठवड्यातले पाच दिवस भाजी मुलगी चिरून ठेवते. पाण्याचं पातेलं मी उचलत नाही, कारण ते हातातून सुटतं. शेगडीपाशी उंच स्टुलावर बसावं लागतं.' नुसतं स्टूल लागत असेल तर ते साधन ठरतं आणि दोन गुण होतात. दुसऱ्या माणसाची मदत किंवा देखरेख लागत असेल तर चार. मायक्रोवेव्ह वापरता येतो पण शेगडी नाही, यालाही दोन गुण आहेत, शून्य नाहीत. अहवालात ही गल्लत झाली असेल तर एका वाक्यात दाखवून देता येते.

चालण्याचंही असंच. वीस मीटरपेक्षा जास्त पण पन्नासच्या आत, आधाराशिवाय: आठ गुण. तेवढंच अंतर काठी किंवा वॉकर घेऊन: दहा. वीस मीटरच्या आत: बारा. आणि हे अंतर पुन्हापुन्हा, वाजवी वेळेत कापता आलं पाहिजे. एकदा दात-ओठ खाऊन बसस्टॉपपर्यंत गेलात आणि मग तासभर बसून राहावं लागलं, तर ते अंतर तुमच्या खात्यात धरता येत नाही. घराबाहेर टेप लावून मोजा, किती पावलांवर थांबता, किती मिनिटं थांबता, ते लिहा. 'फार चालवत नाही' यातून काहीच सिद्ध होत नाही.

आपल्या घरांमधली एक गोष्ट इथे मोकळेपणाने सांगायला हवी. असेसरने 'हाऊ आर यू' विचारलं की आपण 'फाइन' म्हणतो आणि ते अहवालात उतरतं. 'आंघोळ स्वतः करता का' याला सासूबाई 'हो' म्हणतात, कारण सुनेने पाठ चोळणं, बाथटबमधून हात धरून बाहेर काढणं, साडी नेसायला मदत करणं याला त्या घरात कोणी मदत म्हणतच नाही. कायदा म्हणतो. तिथे गुण आहेत, आणि मदत घरच्याच माणसाची आहे म्हणून ते कमी होत नाहीत. सुनेने किंवा मुलाने एका पानाचं निवेदन लिहावं: मी सकाळी किती वाजता काय करते, आठवड्यातले किती दिवस, मी नसेन तर काय होतं. डॉक्टरच्या चार ओळींच्या पत्रापेक्षा असं पान अनेकदा जास्त उपयोगी पडतं.

जीपीच्या पत्राबद्दल अपेक्षा माफक ठेवा. बरेच जीपी त्यासाठी पैसे घेतात आणि पत्रात आजाराचं नाव आणि औषधांची यादी याखेरीज काही नसतं. पत्र मागायचंच असेल तर नेमके प्रश्न लिहून द्या: 'या व्यक्तीला वीस मीटर चालल्यावर धाप लागते हे तुमच्या नोंदींशी जुळतं का?' ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल, फिजिओचं पत्र, कौन्सिलचा केअर प्लॅन, पेन क्लिनिकचं पत्र यांचं वजन जास्त. तुमच्या जीपी रेकॉर्डची प्रत फुकट मागता येते. पण पाठवण्याआधी वाचा, कारण 'पेशंट बरं वाटतंय म्हणाला' ही नोंदसुद्धा त्यात असते.

वाट बघण्याचा काळ

एमआर किती दिवसांत द्यायचा याची डीडब्ल्यूपीवर कायद्याने मुदत नाही. आम्ही दिलेल्या दीड गुणामागचं हे सर्वांत मोठं कारण. काहींचा निकाल थोड्या आठवड्यांत लागतो, काहींना महिनोन्‌महिने थांबावं लागतं, आणि एमआरचा कागद हातात आल्याशिवाय अपील दाखल होत नाही. या काळात बंद झालेले पैसे चालू राहत नाहीत. पिपवर अवलंबून असलेला घरच्यांचा केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याचा भत्ता) असेल तर तोही थांबतो. मोटॅबिलिटीची, म्हणजे पिपच्या हालचालीच्या रकमेतून भाड्याने घेतलेली, गाडी असेल तर ती परत करावी लागू शकते. तिथे लगेच फोन करून अपील करणार असल्याचं सांगा आणि काय सवलती आहेत ते विचारा.

मध्येच अनोळखी नंबरवरून डीडब्ल्यूपीचा फोन येऊ शकतो. तयारी नसेल, दुभाष्या हवा असेल, अंगात ताकद नसेल तर 'उद्या अमुक वेळी करा' म्हणा. घाईत दिलेली 'यस, यस' ही उत्तरं पुढे कागदावर दिसतात. दुभाष्या फुकट मिळतो, तो मागणं हा तुमचा हक्क आहे.

फार उशीर झाला तर लेखी तक्रार करा. त्याचबरोबर तुमच्या खासदाराच्या कार्यालयाला ईमेल करा. पूर्ण नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर, एमआर मागितल्याची तारीख आणि 'माझ्या वतीने चौकशी करण्यास संमती आहे' हे वाक्य त्यात असू द्या. खासदार निकाल बदलू शकत नाहीत, पण अडकलेली फाइल हलवण्यासाठी हा मार्ग खरोखर चालतो. मतदार म्हणून नोंद नसली तरी मतदारसंघात राहत असाल तर चालतं.

मदत कुठे मिळते, कोणाची कशी

सिटिझन्स ॲडव्हाइस हे सगळ्यांना माहीत असलेलं नाव, पण ती एक संस्था नसून स्वतंत्र स्थानिक संस्थांचं जाळं आहे. त्यामुळे दर्जा आणि क्षमता गावागणिक बदलते. एमआरचं पत्र आणि अपिलाचा फॉर्म यासाठी बहुतेक ठिकाणी मदत मिळते. सुनावणीला सोबत येणारा प्रतिनिधी मोजक्याच ठिकाणी. फोनलाइनवर थांबण्यापेक्षा स्थानिक केंद्राचं वॉक-इन कधी असतं ते बघा, दार उघडण्याआधी पोचा आणि आल्याआल्या मुदतीची तारीख सांगा. ज्यांची मुदत चार दिवसांवर आहे त्यांना बहुतेक केंद्रं पुढे घेतात, पण हे कोणी विचारत नाही, तुम्ही सांगायचं असतं. पाचपैकी साडेतीन.

कौन्सिलचं वेल्फेअर राइट्स युनिट, जिथे अजून टिकून आहे तिथे, आमच्या मते सर्वोत्तम. हे लोक दिवसभर हेच काम करतात, निकष त्यांना तोंडपाठ असतात आणि स्थानिक ट्रायब्युनल कसं चालतं हेही माहीत असतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर 'वेल्फेअर राइट्स' शोधा. सापडलं नाही तर सोशल वर्करला किंवा हाउसिंग ऑफिसरला विचारा, कारण कित्येक युनिट्स फक्त अशा शिफारशीवरच केस घेतात. पाचपैकी पाच.

लॉ सेंटर्स मोठ्या शहरांत आहेत आणि काम उत्तम करतात, पण केसेस निवडून घेतात. एप्रिल २०१३ पासून बेनिफिटच्या पहिल्या पातळीच्या अपिलाला लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे वकिलाची वाट बघण्यात अर्थ नाही. काही विद्यापीठांच्या लॉ क्लिनिकमध्ये देखरेखीखाली विद्यार्थी अपिलं चालवतात. त्यांची तयारी बारकाईची असते, मात्र सुट्टीच्या महिन्यांत केस घेत नाहीत. लंडनमधलं फ्री रिप्रेझेंटेशन युनिट सुनावणीला प्रतिनिधी देतं, पण थेट फोन करून नव्हे, शिफारस करणाऱ्या संस्थेमार्फत. म्हणून सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये गेल्यावर 'तुम्ही त्यांच्याकडे केस पाठवता का?' हा प्रश्न विचारून ठेवा.

आजारानुसार काम करणाऱ्या संस्थांकडे लोकांचं लक्षच जात नाही. कर्करोग असेल तर मॅकमिलनचे वेल्फेअर राइट्स सल्लागार. अनेक हॉस्पिटलांत त्यांचं टेबलच असतं. अपंग मुलांच्या पालकांसाठी कॉन्टॅक्ट. सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी स्कोपची हेल्पलाइन. स्टेट पेन्शनचं वय ओलांडलेल्या आई-वडिलांसाठी नवीन अर्ज पिपचा नसतो, अटेंडन्स अलाउन्सचा असतो. त्यासाठी एज यूके. एमआर आणि अपिलाची वाट तिथेही हीच आहे.

स्वतःच लिहायचं असेल तर ॲडव्हाइसनाऊच्या वेबसाइटवर एमआरचं पत्र तयार करून देणारं साधन आहे. प्रश्नांची उत्तरं भरत गेलं की गुणांसकट पत्र तयार होतं, पैसे पडत नाहीत. डिसॅबिलिटी राइट्स यूकेची माहितीपत्रकंही मोफत आणि नेमकी आहेत. बेनिफिट्स अँड वर्कचं सदस्यत्व पैसे देऊन घ्यावं लागतं. एकेका निकषाबद्दल तिथे मिळणारा तपशील मोठा आहे, आणि इंग्रजी आरामात वाचणारा कोणी घरात असेल तर पैसे वसूल होतात. पण माणसाची जागा ते घेत नाही: तुमची केस कोणी बघत नाही.

आता एजंट. 'जिंकलात तरच फी' अशी जाहिरात करणारे आणि थकबाकीचा टक्का मागणारे यांच्यापासून लांब राहा. ट्रायब्युनलला फी नाही, हरलात तर समोरच्याचा खर्च भरावा लागत नाही, आणि ही माणसं जे करतात ते वरच्या संस्था फुकट करतात. बेनिफिटचा सल्ला देणाऱ्यावर इमिग्रेशन सल्लागारासारखी नोंदणीची सक्ती नाही, म्हणजे कोणीही स्वतःला सल्लागार म्हणवू शकतो. संस्थेकडे ॲडव्हाइस क्वालिटी स्टँडर्डचं चिन्ह आहे का ते बघा.

पहिल्या भेटीला जाताना निकालाचं पत्र, तुम्ही भरलेल्या पिप फॉर्मची प्रत, पीए४, औषधांची यादी आणि मुदतीची तारीख वर ठळक लिहिलेला कागद घेऊन जा. जाताच तीन प्रश्न विचारा: तुम्ही फक्त फॉर्म भरून देता की सुनावणीलाही येता, केस तुमच्या नावावर राहील की दर वेळी नवा माणूस भेटेल, आणि एमआर फेटाळला तर मी पुन्हा रांगेत लागायचं का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून संस्था पुरती कळते.

व्हिसाचा मुद्दाही सल्लागारापुढे सुरुवातीलाच ठेवा. पिप हा पब्लिक फंड आहे. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, अशी अट असेल तर अर्ज करण्याआधीच इमिग्रेशनचा सल्ला घ्यायला हवा, कारण अट मोडल्याचा परिणाम व्हिसावर होतो. नाकारण्याचं कारण ब्रिटनमधलं वास्तव्य असेल, म्हणजे मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे इथे नव्हता असं म्हटलं असेल, तर डॉक्टरचे कागद काही कामाचे नाहीत. तिथे पासपोर्टचे शिक्के, पगाराच्या स्लिपा आणि भाडेकरार लागतात. भारतात लांब मुक्काम करून आलेल्यांच्या बाबतीत हे हमखास येतं.

ट्रायब्युनल

एमआरच्या नोटिशीच्या तारखेपासून अपिलाला पुन्हा एक महिना. फॉर्म एसएससीएस१ कागदावर किंवा ऑनलाइन. ऑनलाइन भरलेलं बरं, कारण पोच लगेच मिळते आणि पुरावा नंतर अपलोड करता येतो. कारणं थोडक्यात लिहिली तरी चालतात, सविस्तर निवेदन मागून देता येतं. मुदत चुकवू नका, एवढंच. फॉर्मवर भाषा लिहिताना 'मराठी' लिहा. तिथे 'इंडियन' लिहिलं किंवा हिंदीवर भागवून घेतलं तर सुनावणीच्या दिवशी चुकीचा दुभाष्या समोर येतो आणि तारीख पुढे जाते. घरच्या माणसाला दुभाष्या म्हणून बसवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

अपील कळवल्यावर डीडब्ल्यूपीला २८ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तरासोबत कागदांचा मोठा गठ्ठा येतो, बऱ्याचदा शंभराहून जास्त पानांचा. तो बघून घाबरू नका, बरंचसं तुमचंच असतं. तुम्ही पाठवलेलं प्रत्येक पान त्यात आहे का ते तपासा. नसेल तर लगेच पुन्हा पाठवा. मग दोन-तीन पानांचं निवेदन लिहा: कोणत्या कामाला किती गुण, का, आणि पुरावा गठ्ठ्यातल्या कोणत्या पानावर. पॅनेलला याचा मोठा उपयोग होतो.

सुनावणीच्या आधी डीडब्ल्यूपीकडून तडजोडीचा फोन येऊ शकतो: 'आम्ही साधा दर देतो, अपील मागे घ्या.' लगेच उत्तर द्यायची गरज नाही. सल्लागाराला विचारून सांगतो म्हणा. नवा निकाल पूर्वीपेक्षा चांगला असला तर चालू अपील संपतं, पण त्या नव्या निकालावरही अपील करता येतं, हे फोनवर नेहमी ठळकपणे सांगितलं जातंच असं नाही.

पॅनेल सहसा तिघांचं असतं: न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले सदस्य. समोरासमोर, व्हिडिओवर, फोनवर किंवा नुसत्या कागदांवर, यातलं काय हवं ते मागता येतं. नुसत्या कागदांवरचा पर्याय शक्यतो टाळा. माणूस बोलला की पॅनेलला जे कळतं ते कागदावर उतरत नाही. प्रवासाचा खर्च मिळतो. प्रश्न बारीक असतात: बाथरूममध्ये कशाला धरता, भांडं कोण घासतं, शेवटचं एकट्याने बाहेर कधी गेलात. पॅनेल बघतं ते डीडब्ल्यूपीच्या मूळ निकालाच्या दिवशी तुमची स्थिती काय होती ते. त्यानंतर आजार बळावला असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगला पुरावा वाया जातो, म्हणून नवीन पत्र घेताना डॉक्टरला 'अमुक महिन्यातही हीच स्थिती होती' असं लिहायला सांगा.

आणखी एक जोखीम: पॅनेल गुण वाढवू शकतं तसे कमीही करू शकतं. ज्यांना आधीच काही रक्कम मिळते आहे त्यांनी अपील करण्याआधी सल्लागाराकडून हे तपासून घ्यावंच. ज्यांना शून्य मिळालं आहे त्यांना गमावण्यासारखं काही नाही. निकाल बहुधा त्याच दिवशी किंवा थोड्या दिवसांत कळतो. विरोधात गेला तर महिन्याच्या आत लेखी कारणं मागा. कायद्याची चूक सापडली तर अप्पर ट्रायब्युनलकडे जाता येतं आणि तिथे लीगल एड मिळू शकतं. ट्रायब्युनलचा एक गुण आम्ही कापला तो तारीख मिळायला लागणाऱ्या कित्येक महिन्यांसाठी. वागणुकीबद्दल आणि ऐकून घेण्याबद्दल काही कापावं असं नाही.

स्कॉटलंडमध्ये पिपऐवजी ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे. तिथे फेरनिर्णय मागायला ४२ दिवस मिळतात आणि सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडला तो ५६ दिवसांत द्यावा लागतो; नाही दिला तर तुम्ही थेट अपिलाला जाऊ शकता. चालू रक्कम कमी किंवा बंद झाली असेल तर फेरनिर्णय आणि अपिलाच्या काळात शॉर्ट टर्म असिस्टन्स मागता येतो. व्हॉइसॲबिलिटी ही संस्था स्वतंत्र सोबती विनामूल्य देते. एमआरचं काय करायला हवं ते सीमेपलीकडे करून दाखवलेलं आहे.

व्हॉट्सॲपवर अजून फिरणाऱ्या एका निरोपाबद्दल: 'एका कामात चार गुण नसतील तर पिप नाही' ही सूचना २०२५ मध्ये सरकारने मांडली होती, आणि जुलै २०२५ मध्ये ती विधेयकातून काढून टाकली. तिच्या भीतीने अपील सोडू नका.

आणि जिंकल्यावर लगेच करायचं काम. पिपची थकबाकी मूळ तारखेपासून येते, पण केअरर्स अलाउन्स आपोआप सुरू होत नाही. काळजी घेणाऱ्या माणसाने पिपच्या नव्या निकालापासून तीन महिन्यांच्या आत त्यासाठी अर्ज केला तर तोही मागच्या तारखेपासून मिळतो. तीन महिने उलटले की मागचे पैसे बुडतात. ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) आणि युनिव्हर्सल क्रेडिटमधला केअरर एलिमेंट यांची चौकशीही त्याच आठवड्यात करा.